रोम-पॅरिसच्या जुन्या चित्रपटसंगीताच्या नव्या आवृत्त्या: काय घ्यावे, काय तपासावे

जाँ-ल्यूक गोदार यांच्या 'ल मेप्री'ला (१९६३) दोन संगीतकार आहेत, आणि त्या दोघांनी एकत्र काम केलेले नाही. फ्रेंच आवृत्तीत जॉर्ज दलरू यांची संथ, भरून येणारी व्हायोलिन्स आहेत. इटलीत हाच चित्रपट 'इल दिस्प्रेत्सो' या नावाने लागला तेव्हा निर्माते कार्लो पोंती यांनी त्याला कात्री लावली आणि दलरूंच्या जागी पिएरो पिच्चोनी यांचे जॅझच्या अंगाने जाणारे संगीत बसवले. काप्रीचा समुद्र तोच, ब्रिजित बार्दो तीच. पण एकीकडे तिचे दुःख पहिल्या दृश्यापासून ठरून गेलेले वाटते, तर दुसरीकडे तो केवळ नवरा-बायकोतला त्या संध्याकाळचा अबोला वाटतो. दोन्ही संगीते तबकडी-सीडीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये निघाली आहेत. म्हणून या प्रांतात चित्रपटाचे नाव वाचून खरेदी करू नये. संगीतकार कोण, ध्वनिमुद्रण चित्रपटासाठीचे की तबकडीसाठीचे, आणि नवी आवृत्ती कोणत्या टेपवरून काढली, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. खाली ज्या आवृत्त्यांबद्दल लिहिले आहे त्यांना हीच कसोटी लावली आहे.

आधी दुकानात काय आहे ते पाहू. रोमची 'काम' ही चित्रपटसंगीताची जुनी प्रकाशनसंस्था आता 'शुगर' या इटालियन समूहाकडे आहे. 'काम शुगर' या नावाने तिच्या दोन हजारांहून अधिक चित्रपटांच्या संग्रहातून निवडक संगीत पुन्हा बाहेर येते आहे, त्यातले काही 'डेक्का'च्या साथीने. फ्रान्समध्ये 'युनिव्हर्सल'ची 'एकूते ल सिनेमा' ही मालिका स्तेफान लरूज यांच्या देखरेखीखाली दोन दशकांहून जास्त काळ चालली आहे. शिवाय छोट्या संस्था आहेत: रोममध्ये 'फोर फ्लाइज', पॅरिसमध्ये 'म्युझिक बॉक्स', स्पेनमध्ये 'क्वार्तेत', ब्रिटनमध्ये 'फाइंडर्स कीपर्स'. नाव मोठे म्हणून काम चांगले, असे मात्र समीकरण नाही. टेप कोणाच्या हाती पडली आणि त्याने ती कशी वाजवली, यावर सगळे ठरते.

साठ-सत्तरच्या दशकांत चित्रपटाचे संगीत दोनदा जन्माला येई. पहिल्यांदा दृश्याच्या मापाने: ४० सेकंदांचा पाठलाग, १ मिनिट १० सेकंदांचे चुंबन, तीच धून पुन्हा बासरीवर, पुन्हा फक्त गिटारवर. चित्रपटगृहे बहुतेक एकाच वाहिनीची असल्यामुळे हे काम बहुधा मोनोत संपे. दुसऱ्यांदा तबकडीसाठी: त्याच ध्वनिमुद्रणातून ३०-३५ मिनिटे निवडून, जोडून, कधी स्टिरिओत नव्याने मिश्रण करून. त्यामुळे वेष्टनावरचा 'संपूर्ण' हा शब्द नीट वाचायला हवा. संपूर्ण म्हणजे चित्रपटासाठी वाजवलेला प्रत्येक तुकडा. त्यात एकच धून दहा-बारा वेळा येऊ शकते, आणि सलग ऐकताना तिसऱ्या वेळेनंतर कान थकतो. संगीतकाराने स्वतः तबकडीसाठी लावलेला क्रम आधी आणि उरलेले तुकडे नंतर, अशी रचना असलेली आवृत्ती सर्वांत समंजस. दोन्ही एकत्र कालवून 'चित्रपटाच्या क्रमाने' लावलेली आवृत्ती अभ्यासकाला उपयोगी पडते, पण संध्याकाळी निवांत ऐकायला ती जड जाते.

टेपकडे वळू, कारण पुनरुज्जीवन म्हणतात ते सगळे तिथेच घडते किंवा बिघडते.

चित्रपटाचे अंतिम संगीत पुष्कळदा ३५ मिलिमीटरच्या, कडेला छिद्रे असलेल्या चुंबकीय फिल्मवर असे. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने ती सेकंदाला १८ इंच धावते. हिचा पाया अॅसिटेटचा असेल तर काळाबरोबर तो कुजतो, डब्याचे झाकण उघडताच व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते आणि छिद्रे यंत्राच्या दात्यांत बसेनाशी होतात. ही कूज मागे फिरवता येत नाही. थंडीत ठेवून ती फक्त लांबवता येते. अशी फिल्म दात्यांऐवजी गुळगुळीत रोलरवर चालवणाऱ्या यंत्रावरच उतरवावी लागते, आणि वेग नंतर दुरुस्त करावा लागतो. ही दुरुस्ती राहून गेली की सूर डळमळतो. पियानोचा एक लांबलेला स्वर ऐकला की लगेच कळते.

पाव इंची टेपचे दुखणे निराळे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या काही टेपमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतला दमटपणा शोषून चिकट होतो. टेप वाजवताना किंचाळते आणि तिचा तपकिरी गाळ यंत्राच्या टेप वाचणाऱ्या हेडवर साचतो. उपाय ठाऊक आहे: सुमारे ५०-५५ अंश सेल्सिअसला आठ तास किंवा त्याहून जास्त वेळ कोरडी ऊब द्यायची आणि पुढच्या काही आठवड्यांत प्रत काढून घ्यायची. मात्र साठच्या दशकातल्या अॅसिटेटच्या टेपला हीच ऊब दिली तर ती कायमची वाया जाते. ओळख सोपी आहे. रीळ उजेडासमोर धरावे. अॅसिटेटमधून उजेड आरपार दिसतो, पॉलिएस्टरमधून नाही. शिवाय या टेप कापून जोडलेल्या असतात. जोडावरचा गोंद कुठे वाळून सुटतो, कुठे ओघळून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. एका रिळावर असे जोड खूप असतील तर वाजवण्याआधी प्रत्येक जोड हाताने नवा करावा लागतो, आणि घाईच्या कामात नेमके हेच गाळले जाते. मग तबकडीवर मध्येच क्षणभर आवाज बसतो.

पण सर्वांत जास्त नुकसान होते ते जिथे कोणाचेच लक्ष नसते तिथे. युरोपातल्या स्टुडिओंत सेकंदाला १५ इंचांच्या टेप आयईसी पद्धतीच्या समीकरणाने (इक्वलायझेशन, म्हणजे वरचे-खालचे स्वर किती उचलून भरायचे याचा ठरलेला नियम) भरल्या जात, अमेरिकेत नॅब पद्धतीने. वरच्या स्वरांची पातळी ठरवणारा पहिलीचा कालांक ३५ मायक्रोसेकंद, दुसरीचा ५०. रोमची टेप नॅबवर लावलेल्या यंत्रावर तशीच वाजवली तर वरचे स्वर सुमारे ३ डेसिबलने वाढतात आणि अगदी खालचा खर्ज तितकाच ओसरतो. व्हायोलिन्स चरचरू लागतात, डबल बास कागदासारखा पातळ होतो. ऐकणारा म्हणतो, 'वा, किती स्वच्छ, किती आधुनिक!' ही स्वच्छता नव्हे, चूक आहे. त्या वाद्यमेळाचा ऊबदार, किंचित जाड आवाज ठरवून केलेला होता, आणि तो ३ डेसिबलसाठी विकला जातो. जुन्या आवृत्तीपेक्षा नवी 'उजळ' वाटत असेल तर आनंद मानण्याआधी तिच्यातला बास ऐकावा.

तसेच टेपची सरसर (हिस) काढण्याचे. रोम आणि पॅरिसच्या त्या ध्वनिमुद्रणांत घुमारा (रिव्हर्ब) पुष्कळदा 'ईएमटी १४०' या पोलादी पत्र्याच्या यंत्राचा असे. १९५७ साली आलेले हे यंत्र स्वर संपल्यावरही दोन-तीन सेकंद हळूहळू विरत जाणारी शेपटी देते. ती शेपटी शेवटी टेपच्या सरसरीत मिसळते. सरसर पुसणारे सॉफ्टवेअर जोरात चालवले की दोन्ही एकत्र पुसली जातात. इटालियन गायिका एद्दा देल्लोर्सो यांचा शब्दांविना गायलेला वरचा स्वर मग हवेत विरण्याऐवजी दार लावल्यासारखा तुटतो. हेडफोन लावून कोणत्याही संथ रचनेचे शेवटचे पाच सेकंद ऐकावेत. पार्श्वभूमीची सरसर अखेरपर्यंत एकसारखी असेल तर काम प्रामाणिक आहे. स्वरामागोमाग सरसरही खाली जात असेल तर हात जास्त चालला आहे.

आता प्रत्यक्ष आवृत्त्या.

'मोरिकोने सेग्रेतो' हा संच 'डेक्का' आणि 'काम शुगर' यांनी ६ नोव्हेंबर २०२० रोजी काढला. इटालियन संगीतकार एन्नियो मोरिकोने त्याच वर्षी ६ जुलैला गेले होते. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या २७ रचना यात आहेत आणि त्यांतल्या ७ पूर्वी कधीच प्रसिद्ध झालेल्या नव्हत्या. काउबॉयपटांतले वाळवंट, घोडे आणि शीळ एवढ्यावर मोरिकोने संपतात असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा संच योग्य दार आहे. फझ गिटार, धापा टाकणारे आवाज, बोसा नोव्हाच्या तालावर बसवलेला विक्षिप्त हार्पसिकॉर्ड: प्रयोग करणारा संगीतकार इथे समोर उभा राहतो. निवडीला डोळस दृष्टी आहे, ही त्याची खरी ताकद. मर्यादाही निवडीतच आहे. वेगवेगळ्या वर्षांतल्या, वेगवेगळ्या चित्रपटांतल्या रचना शेजारी येतात तेव्हा एकेका चित्रपटाचा आतला प्रवास हरवतो. मोरिकोने एक छोटा स्वरसमूह घेऊन तो चित्रपटभर कुरतडत नेतात, त्याची वाद्ये बदलत जातात. ते एका चित्रपटाचे सलग संगीत ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा संच घ्यावा, त्यातली आवडलेली रचना कोणत्या चित्रपटातली ते पाहावे, आणि पुढची खरेदी त्या चित्रपटाच्या स्वतंत्र तबकडीची करावी. अशा संचांबद्दल एक सूचना: रचनेच्या नावापुढे 'एडिट' असेल तर ती कापलेली आहे असे धरून चालावे.

या रोमन आवाजात खोलीचाही वाटा आहे. मोरिकोने, लुइस बाकालोव, अर्मांदो त्रोवायोली आणि पिच्चोनी यांनी १९७०च्या सुमारास ज्याची पायाभरणी केली तो 'फोरम' स्टुडिओ रोमच्या पारिओली भागात एका भव्य चर्चच्या तळघरात आहे. पूर्ण वाद्यमेळ आणि कोरस एकाच वेळी मावेल एवढी जागा. तिथे ढोल वाजला की व्हायोलिनच्या मायक्रोफोनमध्येही त्याचा अंश येतो. ही गळती दोष समजून कमी करणारे नवे मिश्रण वाद्ये सुटी करते, पण खोली मोडते. मूळ मिश्रणाची टेप उपलब्ध असताना अनेक वाहिन्यांच्या टेपवरून नव्याने मिश्रण केलेली आवृत्ती घेण्याचे कारण नाही. मूळ मिश्रण हरवले असेल तर गोष्ट वेगळी, आणि तसे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असावे.

फ्रान्सकडे येताना पहिले नाव 'असांसर पूर लेशाफो'चे. लुई माल यांच्या या चित्रपटासाठी अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनी ४ आणि ५ डिसेंबर १९५७ रोजी पॅरिसच्या 'पोस्त पारिझियँ' स्टुडिओत चार साथीदारांसह पडद्यावरची दृश्ये पाहत संगीत वाजवले. फ्रेंच तबकडीत त्यावर वेगळा घुमारा चढवला होता. १९८८ च्या सीडीत २६ तुकडे आले: प्रसिद्ध झालेल्या १० रचना घुमाऱ्यासह, आणि १६ मूळ टेक (स्टुडिओत वाजवलेले सलग तुकडे) घुमाऱ्याविना. पुनरुज्जीवन कसे करावे याचा हा वस्तुपाठ आहे. घुमाऱ्यातला ट्रंपेट म्हणजे पावसाळी रात्रीचा पॅरिसचा शाँझेलिझे रस्ता. कोरडा ट्रंपेट म्हणजे मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावरचा माणूस, त्याच्या ओठांची हालचालही ऐकू यावी इतका जवळ. यातले 'खरे' कोणते हे ठरवण्याचा भार त्या आवृत्तीने ऐकणाऱ्यावर सोपवला. फक्त घुमाऱ्याच्या १० रचना असलेली तबकडीही चालेल. फक्त कोरडे टेक असलेली आवृत्ती मात्र चित्रपटापासून तुटते.

याच तबकडीच्या निमित्ताने एक कायदेशीर बाब. युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ५० वर्षांवरून ७० केले, पण तोवर मुदत संपलेल्यांना ते पुन्हा मिळाले नाही. परिणामी १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे तिथे कोणालाही काढता येतात. रचनेवरचा संगीतकाराचा हक्क मात्र कायम राहतो. त्यामुळे १९५७-६२ मधल्या संगीताच्या स्वस्त, कायदेशीर आणि तरीही सीडीवरून उचललेल्या तबकड्या बाजारात असतात. वेष्टनावर '१८० ग्रॅम' हे तबकडीचे वजन ठळक आणि टेपचा उल्लेख कुठेच नाही, असे दिसले की सावध व्हावे. इटालियन तबकडीवरचा 'सिआए'चा किंवा फ्रेंच तबकडीवरचा 'सासेम'चा (या संगीतकारांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्था) शिक्का रचनेचे मानधन भरल्याचे सांगतो. आवाज कुठून आला ते तो सांगत नाही.

आलें गोरागेर यांचे 'ला प्लानेत सोवाज' (१९७३) हे नव्या पिढीने सर्वांत मनापासून स्वीकारलेले फ्रेंच संगीत असावे. हिप-हॉपच्या निर्मात्यांनी त्यातले तुकडे उचलले आणि तिथून श्रोते मुळाकडे आले. रने लालू यांच्या अॅनिमेशनपटातल्या निळ्या महाकाय जीवांसाठी गोरागेर यांनी वाह-वाह गिटार, इलेक्ट्रिक पियानो, बासरी, कोरस आणि तंतुवाद्ये एका मंद, पाय ओढत चालणाऱ्या तालावर बसवली. रचना लहान लहान आहेत आणि एकच धून वेश पालटून परत येते. हे सगळे एका तबकडीच्या दोन बाजूंत आरामात मावते, म्हणून ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांवर पसरलेल्या आवृत्तीचा मोह टाळावा. दर दहा मिनिटांनी उठून बाजू उलटली की ती गुंगी मोडते, आणि या संगीतात गुंगीच सर्व काही आहे. सीडी किंवा फाइल घेतल्यास दोन रचनांमधले मूळ अंतर राखले आहे का ते पाहावे.

फ्रेंच संगीतकार फ्रांस्वा द रुबे यांच्या बाबतीत तर सरसर हा संगीताचाच भाग आहे. पॅरिसमधल्या र्यू द कुर्सेलवरच्या घरी त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला होता. सिंथेसायझर, बासरी, तालवाद्ये एकट्याने वाजवून ते टेपवर थर चढवत. एका टेपवरून दुसरीवर जाताना प्रत्येक थराबरोबर सरसर वाढते, हा त्या पद्धतीचा स्वभाव. २२ नोव्हेंबर १९७५ रोजी कॅनरी बेटांजवळ समुद्रात बुडी मारताना वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. 'ल व्यू फ्यूझी' या चित्रपटाच्या संगीताला सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात, १९७६ साली. त्यांच्या आवृत्त्यांमध्ये घरच्या कच्च्या मुद्रणांचा समावेश असेल तर ती जरूर घ्यावी. पूर्ण वाद्यमेळाच्या रचनेशेजारी तिचाच चार वाद्यांतला आराखडा ऐकायला मिळणे फार मोलाचे आहे.

'प्रोफोंदो रोस्सो' या इटालियन थरारपटाच्या (१९७५) विस्तारित आवृत्त्यांबद्दल एकच: जॉर्जो गास्लिनी आणि 'गोब्लिन' हा रॉक बँड यांच्या कामात मुख्य धूनच इतकी पकड घेते की मूळ क्रमाची तबकडी बहुतेकांना पुरेल.

स्ट्रीमिंगवर खरा धोका टेपचा नसून ओळखीचा आहे. प्रसिद्ध धून शोधली की कुठल्या तरी स्टुडिओ वाद्यमेळाने नंतर वाजवलेली नक्कल वर येते, मुखपृष्ठही जुन्यासारखेच. वाद्यमेळाच्या संचालकाचे नाव आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्काचे वर्ष पाहिल्याशिवाय ते मूळ मानू नये. दुसरी खूण सुराची. चित्रपटाच्या दूरचित्रवाणी प्रतीवरून उचललेले संगीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावते, म्हणजे ४ टक्के जलद, आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढलेला. पेटीवर किंवा फोनमधल्या ट्यूनरवर तपासता येते.

तबकडी हाती आल्यावर पहिली दहा मिनिटे अशी घालवावीत. बाजूची शेवटची रचना आधी लावावी. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. म्हणून सोप्रानोचा (उंच पट्टीच्या गायिकेचा) वरचा स्वर शेवटी फाटतो, आणि बाजू २२ मिनिटांहून लांब असेल तर आवाजही दबलेला असतो. मग अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांच्या शीळेसारखा साधा, एकटा स्वर शोधावा. मधले भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेले असेल तरी आतल्या खाचांत वेग ०.८ टक्क्याने पुढेमागे होतो, आणि दर १.८ सेकंदांनी शीळ झोका घेते. झोका दोन्ही बाजूंना सारखा येत असेल तर आधी दुसरी एखादी तबकडी लावून टर्नटेबलचा संशय दूर करावा. एकाच बाजूला येत असेल तर छपाईचा दोष आहे, तबकडी सरळ बदलून मागावी. सुईचा हात फेरीबरोबर डावी-उजवीकडे हलताना फोनवर चित्रित करून पाठवला की दुकानदार सहसा वाद घालत नाही.